लाकडाची नगरी, पाण्याचा पहारा

तपासणीच्या पट्ट्यावरून बॅगा सरकताहेत. आमच्या पुढच्या तरुणाच्या खिशातून लायटर निघतो. रक्षक काही बोलत नाही, फक्त शेजारच्या टोपलीकडे बोट दाखवतो. टोपलीत रंगीबेरंगी लायटरांचा ढीग साचलेला. तरुण आपला लायटर त्यात टाकतो आणि पुढे होतो. ''2013 पासून आत धूम्रपानाला पूर्ण बंदी आहे, मोकळ्या पटांगणातसुद्धा,'' आमची गाईड सांगते. तिचा आवाज कानातल्या छोट्या यंत्रातून अगदी शेजारी बसल्यासारखा येतो.

आम्ही आठ जण आहोत. पुण्याचे एक निवृत्त बांधकाम अभियंता आहेत, त्यांना सगळे काका म्हणतात. नाशिकच्या काकू आणि त्यांची नववीतली नात आहे. बाकीचे मुंबई-ठाण्याचे. ऑगस्टची सकाळ, अंगाला चिकटणारी दमट हवा, ढग खाली उतरलेले. समोर बीजिंगच्या निषिद्ध नगरीचं दक्षिणद्वार, वूमन. मधला भाग मागे सरकलेला, दोन्ही बाजूंच्या तांबड्या तटबंदीचे हात थेट आमच्या अंगावर आल्यासारखे. मधली कमान एकट्या सम्राटाची. सम्राज्ञीला तिथून आयुष्यात एकदाच, लग्नाच्या दिवशी, आत यायला मिळायचं. आणि राजदरबारच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या तिघांना एकदाच बाहेर पडायला. आज तिच्याखालून आइस्क्रीम खाणारी मुलं पळताहेत.

''इथे चोवीस सम्राट झाले, मिंग घराण्याचे चौदा आणि छिंग घराण्याचे दहा,'' गाईड म्हणते. ''त्यांची नावं मी आज सांगणार नाही, दुपारपर्यंत ती कुणाच्या लक्षात राहत नाहीत. त्या सगळ्यांना ज्या एका गोष्टीची धास्ती होती, ती दाखवते.'' ती मिटलेल्या छत्रीने वर, छताकडे दाखवते. तांबडे खांब, निळ्या-हिरव्या रंगांच्या तुळया, एकात एक अडकवलेले लाकडी तोडे. सगळं लाकूड.

दरवाजा ओलांडला की संगमरवरी पाच पूल आणि त्यांच्याखालून धनुष्यासारखा वळलेला पाण्याचा प्रवाह लागतो. पर्यटक कठड्याला टेकून फोटो काढताहेत. शोभेचा वाटणारा हा प्रवाह आवाराचं पावसाचं पाणी पोटात घेतो, आणि आग लागली तर विझवायला पाणीही इथूनच उपसायचं. आवाराला उत्तरेकडून दक्षिणेकडे बेताचा उतार आहे. काका लगेच गुडघ्यावर बसून फरसबंदीला डोळा लावतात आणि समाधानाने मान हलवतात.

पुढचा दरवाजा पार केला आणि बोलणं आपोआप थांबतं. समोर सुमारे तीस हजार चौरस मीटरचं पटांगण. एक झाड नाही. पलीकडे पांढऱ्या संगमरवराचं तीन टप्प्यांचं जोतं आणि त्यावर थाइहदिएन, सम्राटाच्या राज्यारोहणाचं सभागृह. अकरा खण रुंद, पिवळ्या कौलांचं दुहेरी छप्पर. जोत्यासकट उंची 35 मीटर. आकडा मी आधी वाचला होता, पण इतकी मोकळी जमीन ओलांडून त्याच्याकडे चालत जाताना आपण किती लहान होत जातो, ते आकड्याने कळत नाही. दरबाराला येणारा अधिकारी अर्धा इथेच वाकत असणार.

''हे बांधकाम 1406 ते 1420 या काळातलं,'' गाईड सांगते. ''1421 च्या नववर्षाला योंगल सम्राटाने इथे पहिला दरबार भरवला. त्यानंतर शंभर दिवसही उलटले नव्हते. मे महिन्यात वीज पडली आणि ही तीन मुख्य सभागृहं जळून गेली.''

काकूंच्या तोंडून ''अरे देवा'' निघतं.

सम्राटाने अधिकाऱ्यांना विचारलं, माझं काय चुकलं ते सांगा. काहींनी सांगितलं: नानजिंगहून राजधानी इथे आणायला नको होती. त्यातल्या एकाच्या हे बोलणं जिवावर बेतलं. योंगल 1424 मध्ये वारला. सभागृहं पुन्हा उभी राहायला वीस वर्षं लागली, ती त्याने पाहिली नाहीत. पुढे 1557 मध्ये आग, 1597 मध्ये आग, 1679 मध्ये पुन्हा आग. ती शेवटची तर राजाच्या मुदपाकखान्यातून निघाली. आज समोर दिसतंय ते 1695 ते 1697 या काळात उभारलेलं.

''आमच्याकडे शनिवारवाडा असाच गेला,'' काका गाईडला सांगतात. ''1828 ची आग. खाली दगडी जोतं राहिलं, कारंज्यांचे हौद राहिले. वर काही नाही.'' तिने नाव ऐकलेलं नाही. ती त्यांना पुन्हा उच्चारायला सांगते आणि फोनमध्ये टिपून ठेवते.

जोत्याच्या पायऱ्या चढताना ती छपराच्या कोपऱ्याकडे पाहायला सांगते. उतरत्या कडेवर मातीचे भाजलेले, चकाकते छोटे प्राणी एकामागे एक बसलेत. सर्वांत पुढे पक्ष्यावर स्वार झालेला माणूस, त्याच्यामागे दहा प्राणी. चीनमधल्या दुसऱ्या कुठल्याही जुन्या इमारतीवर दहा नाहीत. तो मान या एकाच छपराचा. दहावा पंखांचा, माकडतोंडा, हातात वज्रासारखं शस्त्र घेतलेला. त्याचं काम वीज अडवायचं. आढ्याच्या दोन्ही टोकांना आढं गिळायला निघालेले ड्रॅगनच्या जातीचे जीव आहेत, प्रत्येकी 3.4 मीटर उंच, तेरा तुकडे जोडून केलेले. ते पाऊस आणतात, आग गिळतात अशी श्रद्धा. आता त्यांच्या सोबतीला वीज जमिनीत उतरवणाऱ्या तारा आहेत.

आम्ही मान वर करून पाहत असतानाच पहिला थेंब पडतो. मग एकदम सर येते.

पटांगणात पळापळ होते. भाड्याची राजवस्त्रं घालून फोटो काढायला आलेल्या मुली घोळ सावरत, डोक्यावरचे फुलांचे मुकुट दोन्ही हातांनी धरून धावतात. आमचा गट छपराच्या वळचणीखाली शिरतो. गाईड मात्र छत्री उघडते आणि आम्हाला पुन्हा बाहेर बोलावते. ''या, या! हे रोज दिसत नाही!''

जोत्याच्या कठड्याखाली, प्रत्येक खांबाच्या पायाशी, दगडी ड्रॅगनचं एकेक तोंड बाहेर काढलेलं आहे. तिन्ही टप्पे मिळून 1,142 तोंडं. आधी त्यांच्या ओठांवरून नुसतं ठिबकतं. सर जोर धरते तशी धार सुटते. वरच्या टप्प्याची खालच्यावर, खालच्याची त्याच्याखाली, आणि बघता बघता अख्खं पांढरं जोतं पाणी ओतायला लागतं. आवाज इतका वाढतो की कानातल्या यंत्रातलं बोलणं ऐकू येत नाही. नात कठड्यावरून ओणवून एका तोंडाखाली हात धरायला बघते, काकू तिची ओढणी घट्ट पकडून उभ्या. काकांच्या चष्म्यावरून पाणी ओघळतंय, पण त्यांची नजर वर नाहीच, ती फरसबंदीवर आहे. सहाशे वर्षांपूर्वी आखलेल्या उतारावर पाणी कुठेही थबकत नाही. ''तुंबलं नाही कुठे,'' ते दोनदा म्हणतात.

माझ्या मते या नगरीतली सर्वांत मोठी कलाकृती हीच आहे. सिंहासन पाहायला सभागृहाच्या दाराशी प्रचंड रेटारेटी चाललीय. आत जाऊ देत नाहीत, अंधारात सोनेरी काहीतरी चमकतं, त्याचा फोटो डोक्यांवरून हात उंच करून घ्यायचा. गाईड आम्हाला तिथे फार रेंगाळू देत नाही. फक्त खांब पाहायला सांगते. आत 72 आहेत. मिंग काळातले नानमू नावाच्या झाडाचे होते, नैर्ऋत्येच्या डोंगरांतून तोडून नद्यांतून आणि महाकालव्यातून तरंगत आणलेले. हजार माणसं डोंगरात शिरतात, पाचशे बाहेर येतात, अशी त्या लाकूडतोडीबद्दलची म्हण तिकडे होती. शेवटच्या आगीनंतर तेवढी नानमूची झाडं मिळेनात, तेव्हा पाइनचे खांब वापरले. चार आगींनी डोंगरही खाल्ले, डोंगरात गेलेली माणसंही. त्यांची नावं कुठल्या फलकावर नाहीत.

सभागृहाच्या दोन्ही अंगांना साध्या भिंती आहेत, तांबड्या रंगाच्या, नजरेत न भरणाऱ्या. शेवटच्या आगीपूर्वी तिथे उतरते लाकडी सज्जे होते आणि त्यांच्यावरूनच ज्वाळा एका इमारतीवरून दुसरीवर गेल्या. 1695 च्या बांधणीत ते काढून वीट-चुन्याच्या भिंती घातल्या. त्यानंतर हे सभागृह जळलेलं नाही. काका भिंतीवर तळहात ठेवायला पुढे होतात, गाईड खुणेनेच थांबवते. ते ओशाळून नव्हे, आदराने दोन पावलं मागे येऊन उभे राहतात.

पाऊस जसा आला तसा जातो. जोत्यावर ठेवलेली भलीमोठी धातूची रांजणं काठोकाठ भरलीत. अशी 308 रांजणं आवारभर होती. थंडीत पाणी गोठू नये म्हणून त्यांना कापसाचं जाड पांघरूण घालायचे, वर झाकण, आणि कडाक्याच्या दिवसांत बुडाखाली कोळशाची शेगडी पेटती ठेवायची. आग विझवायच्या पाण्यासाठी रात्रभर आग राखायला माणसं नेमलेली. एका रांजणावरचा सोन्याचा मुलामा खरवडून काढल्याचे ओरखडे दिसतात. गाईड सांगते, 1900 मध्ये आठ देशांचं सैन्य बीजिंगमध्ये घुसलं, त्यातल्या सैनिकांच्या संगिनींचे हे ओरखडे.

त्या सैन्यातल्या ब्रिटिश तुकडीत आपले शिपाई होते, हे मी तिला सांगतो. शीख होते, राजपूत होते. सातव्या राजपूत पलटणीतल्या ठाकूर गदाधर सिंहांनी 'चीन में तेरह मास' हे हिंदी पुस्तक 1902 मध्ये छापलं. हाती बंदूक घेऊन आलेल्या त्या माणसाने चिनी जनतेचे हाल पाहून कळवळून लिहिलंय. तिला हे नवीन आहे. ती ओरखड्यांकडे पाहत राहते, मग म्हणते, ''तुमच्या डॉक्टर कोटणीसांना आम्ही शाळेपासून ओळखतो.'' काकूंचा चेहरा फुलतो. सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांचं चिनी नाव, 'क दिहुआ', ती त्यांना हळूहळू उच्चारून शिकवते.

तिसऱ्या सभागृहाच्या, बाओहदिएनच्या, मागच्या उतारावर सोळा मीटरहून लांब अखंड दगड आडवा पसरलाय. ढगांतून वळणारे नऊ ड्रॅगन, वजन दोनशे टनांच्या वर. असले दगड सत्तर किलोमीटरवरच्या फांगशानच्या खाणीतून यायचे. चाकाची गाडी एवढा भार पेलत नव्हती. म्हणून हिवाळ्याची वाट पाहायची, वाटेत ठिकठिकाणी विहिरी खणायच्या, रस्त्यावर पाणी ओतून बर्फ होऊ द्यायचा आणि लाकडी घसरगाडी माणसांनी ओढायची. 1557 च्या आगीनंतर 123 टनांचा एक दगड असा 28 दिवसांत इथे पोहोचला. काका आपल्या फोनवर दिवसाचं अंतर काढतात: अडीच किलोमीटर. ''माणसांनी ओढून,'' ते नातीला सांगतात.

मागची निवासी दालनं आम्ही भराभर ओलांडतो. गर्दी दाटलीय आणि दुकानंही. शेवटचा सम्राट पूयी याला सायकल चालवता यावी म्हणून कापलेल्या उंबऱ्यांची गोष्ट चालता चालताच ऐकतो. राज्य 1912 मध्ये गेल्यावरही तो मागच्या अंगणांत राहत होता. जून 1923 मध्ये वायव्येकडच्या च्यिएनफू बागेत आग लागली. छिएनलोंग सम्राटाने जमवलेल्या वस्तू तिथल्या दालनांत होत्या. बाहेरून आलेलं पहिलं आगविझवू पथक इटलीच्या वकिलातीचं होतं. चोऱ्या लपवायला खोजांनीच ती लावली असा पूयीला संशय आला आणि त्याने जवळजवळ सगळ्यांना हाकललं. पुढच्या वर्षी तो स्वतः हाकलला गेला. 10 ऑक्टोबर 1925 रोजी हेच घर संग्रहालय म्हणून लोकांना उघडं झालं.

''मग इतक्या खोल्या रिकाम्या का?'' नात विचारते.

गाईड थांबते. हा प्रश्न तिला आवडलेला दिसतो. 1933 मध्ये जपानी सैन्य जवळ आलं, तेव्हा संग्रहालयाच्या माणसांनी चिनी मातीची भांडी, चित्रं, पोथ्या कापसात आणि गवतात बांधून तेरा हजारांवर खोक्यांत भरल्या आणि रात्रीच्या गाड्यांनी दक्षिणेकडे धाडल्या. युद्ध पुढे सरकत गेलं तशी खोकी नदीने, ट्रकने, डोंगरातल्या गुहांत आणि देवळांत हलत राहिली. 1948-49 मध्ये त्यांतली 2,972 खोकी तैवानला गेली, ती तैपेईच्या संग्रहालयात आहेत. ''भांडी फार थोडी फुटली,'' ती म्हणते, आणि आवाजात अभिमान आहे.

उत्तरद्वाराजवळच्या बागेत जुनी सुरूची झाडं ठिबकताहेत. एक करडी मांजर ओल्या दगडावर बसून अंग चाटतेय; राजवाड्यात अशी बरीच मांजरं राहतात आणि लाकूड कुरतडणाऱ्या उंदरांवर त्यांचा वचक आहे. गाईड आमची यंत्रं गोळा करते, मोजते, आणि काकांना शनिवारवाड्याचा फोटो पाठवायला सांगते.

बीजिंगला जाणार असाल तर तिकीट पासपोर्टच्या नंबरावर आधीच काढून ठेवा, आणि सोमवार टाळा, त्या दिवशी बंद असतं. सिंहासनाच्या दाराशी तास घालवू नका. तो वेळ त्या दोन तांबड्या भिंतींना, खरवडलेल्या रांजणांना आणि फरसबंदीच्या उताराला द्या. गट छोटा निवडा, म्हणजे गाईडला थांबवून विचारता येतं. आणि नेमका त्याच दिवशी पाऊस आला तर हॉटेलात बसून राहू नका. छत्री घ्या आणि थेट थाइहदिएनच्या जोत्यापाशी जाऊन उभे राहा.