कायम प्राध्यापक नसतील तर नुकसान कोणाचे?

नोट्स मोबाईलवर मिळतात, व्याख्याने यूट्यूबवर ऐकता येतात, परीक्षेपुरते गाईड बाजारात आहे. मग कॉलेजात प्राध्यापक हवेत कशाला, असा प्रश्न आता विद्यार्थीच विचारू लागले आहेत. ज्या घरात दोन पिढ्या पदवीधर आहेत, तिथे हा प्रश्न परवडतो. तिथे वाट दाखवायला आई-वडील, काका, मामा असतात. घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुलामुलींना मात्र असा माणूस बहुधा एकच भेटतो, तो म्हणजे प्राध्यापक.

प्राध्यापक नेमके काय देतो?

व्हिडिओ विषय सांगतो, पण ऐकणाऱ्याला काय कळले नाही हे त्याला दिसत नाही. प्राध्यापकाला ते चेहऱ्यावरून कळते. तो लिहिलेले उत्तर वाचतो, युक्तिवाद कुठे कच्चा आहे ते दाखवतो आणि पुन्हा लिहायला लावतो. अवघड पुस्तक कुठून वाचायला घ्यायचे तेही सांगतो.

दुसरी गोष्ट अभ्यासक्रमात नसते. नेट-सेटची तयारी कधी सुरू करायची, शिष्यवृत्तीचा अर्ज कशामुळे अडकतो, शिफारसपत्र कसे मागायचे, मुलाखतीत कसे बोलायचे, हे सुशिक्षित घरातली मुले जेवताना ऐकत मोठी होतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बोर्द्यू यांनी याला 'सांस्कृतिक भांडवल' म्हटले. आपल्या वस्त्यांतल्या मुलांकडे बुद्धी कमी नसते, हे भांडवल कमी असते. ते मिळण्याची जागा म्हणजे तास संपल्यावर प्राध्यापकांशी होणारे बोलणे.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते

१९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकले. तिथे जॉन ड्यूई आणि एडविन सेलिग्मन यांच्यासारखे प्राध्यापक त्यांना लाभले. वीस वर्षांनी, १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे निर्मूलन' लिहिताना त्यांनी ड्यूईंचे ऋण उघडपणे मान्य केले. समाजाने जुने सगळेच पुढच्या पिढीला देऊ नये, चांगला समाज घडवायला जे उपयोगी तेवढेच द्यावे, हा आपल्या शिक्षकाचा विचार त्यांनी जातीविरुद्धच्या मांडणीत वापरला.

बाबासाहेब स्वतःही प्राध्यापक होते. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवू लागले. पुढे १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. मिलिंदला प्राचार्य म. भि. चिटणीस, पुढे डॉ. म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे असे शिक्षक मिळाले. अमेरिकेत शिकून आलेल्या वानखेडे यांनी तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांच्या साहित्याकडे आपले लक्ष वेधले. पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले. दलित साहित्याच्या चळवळीला मिलिंदने जे बळ दिले, ते इमारतीमुळे दिले नाही. तिथल्या शिक्षकांमुळे दिले.

आजची अडचण

आज राज्यातल्या अनेक अनुदानित कॉलेजांत कायम पदे रिकामी आहेत आणि वर्ग तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबी प्राध्यापक सांभाळतात. त्यांच्यातही नेट-सेट, पीएचडी झालेले पुष्कळ आहेत. प्रश्न त्यांच्या पात्रतेचा नाही. त्यांना मानधन मिळते ते घेतलेल्या तासांचे. पोट भरण्यासाठी त्यातले कित्येक जण एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात धावतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार पूर्णवेळ प्राध्यापकाने कॉलेजात रोज किमान पाच तास उपलब्ध असावे. पदवीच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन, ग्रंथालयाविषयी सल्ला आणि इतर उपक्रमांसाठी दिवसाचे किमान दोन तास राखावेत, असेही त्यात आहे. कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसाव्यात, असेही ती सांगते. पण ज्याला तासाचेच पैसे मिळतात, त्याने हे दोन तास आणायचे कुठून? पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याला सगळ्यात जास्त गरज याच दोन तासांची असते. शिवाय कायम पद भरले नाही की त्यातली आरक्षित जागाही रिकामीच राहते. म्हणजे आपल्या मुलांना शिक्षक नाही आणि आपल्या शिकलेल्या तरुणांना नोकरी नाही, असे दुहेरी नुकसान होते.

आपण काय करू शकतो?

अनुदानित कॉलेजांना माहिती अधिकार कायदा २००५ लागू आहे. आपल्या कॉलेजात मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यात आरक्षित किती आणि सीएचबीवर किती, ही माहिती विषयवार मागा. आकडे हाती आल्यावर प्राचार्य, विद्यापीठ आणि आमदार यांच्याकडे लेखी पाठपुरावा करा. सीएचबी प्राध्यापकांच्या आंदोलनात विद्यार्थी संघटनांनी सोबत उभे राहावे, कारण तो लढा विद्यार्थ्यांचाही आहे.

आणि जे प्राध्यापक आज आहेत, त्यांच्याकडे जा. पहिल्या बाकावर बसा, शंका विचारा, लिहिलेले दाखवा. 'शिका' हा बाबासाहेबांचा संदेश आपण भिंतीवर लिहितो. शिकवणाऱ्याची रिकामी खुर्ची भरून घेणे हाही त्याच संदेशाचा भाग आहे.