शिल्लक राहिलेली तलवार

सातपाटीच्या खाडीत शिरणाऱ्या होड्या न्याहाळून शेजारच्या शिरगावच्या किल्ल्याच्या तटावर घटकाभर बसले, म्हणजे तलवारीचा विषय मनात आल्यावाचून राहत नाही. कारण १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत याच किनाऱ्यावरील फिरंग्यांची ठाणी एकामागून एक मराठ्यांच्या हाती आली, आणि तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव कामास आले. (ते पडले मात्र गोळी लागून, तलवारीच्या गौरवकथांत हा तपशील सहसा गाळला जातो.) असा इतिहास पाठीशी असल्यामुळे तलवार आमच्या रक्तातच आहे, अशी ग्वाही सभासंमेलनांतून मोठ्या दिमाखाने देण्यात येते. प्रस्तुत लेखकाला त्या ग्वाहीचा फारसा भरवसा वाटत नाही. तलवारबाजी ऑलिंपिकमध्ये १८९६ पासून अव्याहत चालू असता, त्या रिंगणात पहिल्या भारतीय व्यक्तीचे पाऊल पडावयास २०२१ साल उजाडावे लागले. आणि तीही कोणा सरदार घराण्यातील नव्हे, तर चेन्नईतील एका पुरोहिताची कन्या होती.

भवानी देवी हे तिचे नाव. मराठी वाचकाला त्यावरून जी तलवार आठवेल, तो योगायोगच समजावा. २७ ऑगस्ट १९९३ रोजी जन्मलेली ही मुलगी २००४ साली शाळेत खेळ निवडावयास गेली, तेव्हा प्रत्येक खेळासाठी ठरलेल्या मोजक्या जागा भरून गेल्या होत्या आणि शिल्लक उरली होती ती केवळ तलवारबाजी, जिचे नावही तिच्या घरी कोणी ऐकलेले नव्हते. स्त्रियांची 'सेबर' स्पर्धा ऑलिंपिकमध्ये प्रथम झाली ती त्याच वर्षी, अथेन्सला. पुढे तिने पत्करले ते हेच शस्त्र, घोडदळाच्या वाकड्या तलवारीचे वंशज, ज्यात कमरेच्या वरच्या अंगावर पात्याचा वार आणि टोकाची भोसक दोन्ही ग्राह्य धरतात.

परंतु वार लागल्याची वर्दी देणारी विजेची तलवार परदेशातून यावयाची, ती महाग, आणि मोडली तर दुसरी कोठून आणावयाची, ही विवंचना. म्हणून सरावाला बांबूच्या काठ्या आणि खरी तलवार फक्त सामन्यापुरती, अशी तजवीज चालत असे. काठीचे वजन निराळे, लवचिकता निराळी, आणि मनगटाला मात्र दोहोंची सवय लावावयाची.

१४ वर्षांची असताना ती तुर्कस्तानात पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळावयास गेली आणि तीन मिनिटे उशिरा पोहोचली म्हणून, एकही वार न करता, काळे कार्ड घेऊन बाद झाली. भरतीची घटका चुकलेल्या होडीची आमच्या खाडीच्या मुखाशी जी गत होते, तीच ही. होडीला निदान पुढची भरती तरी असते. पुरोहिताच्या संसारातून परदेशवारीचा खर्च पुन्हा केव्हा निघावा?

दहावीनंतर ती थलश्शेरीच्या क्रीडा प्राधिकरण केंद्रात सागर लागू यांच्या शिकवणीत दाखल झाली. चेन्नईची मुलगी, मलबारचा किनारा आणि मराठी कानाला ओळखीच्या आडनावाचे गुरू, असा तो त्रिवेणी संगम. पुढची चढण येथे त्वरेने उरकतो: २०१४ साली २३ वर्षांखालील आशियाई स्पर्धेत रौप्य, २०१७ साली आइसलंडच्या रेक्याविकला सुवर्ण, २०१८ साली कॅनबेरात राष्ट्रकुल अजिंक्यपद. मधल्या काळात इटलीतील लिव्होर्नो येथे निकोला झानोत्ती यांच्याजवळ तालीम चालू होती. २०१९ साली वडील वारले.

२६ जुलै २०२१ रोजी टोकियोत तिने ट्युनिशियाच्या नादिया बेन अझीझीला १५-३ असे नमविले आणि दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून ती ७-१५ अशी पराभूत झाली. त्यानंतर तिने देशबांधवांची क्षमा मागितली. ही क्षमायाचना मला आजही खटकते. बांबूच्या काठीवर शिकलेल्या मुलीने ती कोणापाशी मागावयाची?

जून २०२३ मध्ये चीनमधील वुशी येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने जपानच्या विश्वविजेत्या मिसाकी एमुराला १५-१० असे हरविले. उपांत्य सामना उझबेकिस्तानच्या झैनब दायिबेकोवाशी पडला; १४-१४ अशी बरोबरी होऊन शेवटचा वार प्रतिस्पर्धिनीच्या खात्यावर जमा झाला, आणि या स्पर्धेतील भारताचे पहिले पदक, कांस्य, तिच्या गळ्यात पडले.