बंब कुणाच्या पैशाचा?

कॅलिफोर्नियातल्या सॅन रॅमॉन शहराला महापौर आहे, नगर परिषद आहे, स्वतःचे पोलीस आहेत; अग्निशमन दल मात्र नाही. शेजारच्या डॅनव्हिलचीही तीच गत. तरीही आणीबाणीचा ९११ क्रमांक लावला की बंब येतो. तो पाठवते सॅन रॅमॉन व्हॅली फायर प्रोटेक्शन डिस्ट्रिक्ट. या संस्थेची हद्द शहरांच्या हद्दीशी जुळत नाही आणि महापौराचा हुकूम तिच्यावर चालत नाही. तिचं संचालक मंडळ मतदार थेट निवडतात. खर्चाचा मोठा भाग घरपट्टीतल्या हिश्श्यातून भागतो.

सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या या बे एरियात घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना ही व्यवस्था सुरुवातीला चक्रावून टाकणारी वाटली, तर नवल नाही. महाराष्ट्रातल्या महापालिका कायद्यातही अग्निशमन कराची तरतूद आहे, पण तो पैसा महापालिकेच्याच तिजोरीत जमा होतो आणि दलाचा प्रमुख आयुक्तांच्या हाताखाली असतो. बंबासाठी वेगळी निवडणूक आपण कधी पाहिलेली नाही.

कर नको, ज्याला हवं त्यानं वर्गणी भरावी, असंही कुणी म्हणेल. टेनेसी राज्यातल्या ओबायन काउंटीत तसंच होतं. साउथ फुल्टन शहराबाहेरच्या घरांना शहराचा बंब हवा असेल, तर वर्षाला ७५ डॉलर भरावे लागत. सप्टेंबर २०१० मध्ये वर्गणी न भरलेल्या एका घराला आग लागली. जवान आले ते शेजाऱ्याचं शेत वाचवायला, कारण त्यानं पैसे भरले होते. घरमालक जागेवर वाटेल ती रक्कम द्यायला तयार होता. घर जळून गेलं आणि जवान बघत उभे राहिले. नियमानुसार त्यांचं काही चुकलं नव्हतं, आणि हेच भयंकर आहे.

फायर डिस्ट्रिक्टमध्ये असा प्रश्न उद्भवत नाही. मात्र त्याच्या नावातली आग रोजच्या कामात फारच थोडी असते. अमेरिकेत अग्निशमन दलांना येणारे बहुसंख्य फोन वैद्यकीय मदतीसाठी असतात. सॅन रॅमॉन व्हॅलीचं दल तर रुग्णवाहिकाही स्वतःच चालवतं. त्याचे तेव्हाचे प्रमुख रिचर्ड प्राइस २००९ मध्ये एका दुकानात जेवायला बसले होते. सायरन ऐकू आला आणि बंब शेजारच्याच दुकानासमोर थांबला. तिथं एकाचं हृदय बंद पडलं होतं. हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र प्राइस यांच्या गाडीत होतं, पण भिंतीपलीकडची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. त्यातून ‘पल्सपॉइंट’ हे ॲप जन्माला आलं. सार्वजनिक ठिकाणी कुणी असं कोसळलं, तर आसपासच्या सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवणं) येणाऱ्या लोकांच्या फोनवर सूचना जाते आणि जवळचं यंत्र कुठं आहे तेही दिसतं. पुढं अमेरिकेतल्या हजारो गावांनी ते स्वीकारलं.

सॅन रॅमॉन ज्या कॉन्ट्रा कोस्टा काउंटीत आहे, तिच्याच पूर्व टोकाला आता जाऊ. ब्रेंटवूड आणि ओकली हा भाग एकेकाळी फळबागांचा आणि मक्याचा. आग लागली की गावातले स्वयंसेवकच धावत, त्यामुळे अग्निशमनाचा कर नाममात्र होता. जून १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन १३ मंजूर केलं. घरपट्टी करमूल्याच्या एक टक्क्यावर बांधली गेली आणि करमूल्याची वाढ, घर विकलं जात नाही तोवर, वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के. या आटलेल्या पैशातून कुणाला किती, हे पुढच्या वर्षीच्या कायद्यानं आधीच्या प्रमाणावरून ठरवलं. ज्यांचा कर पूर्वी कमी होता, त्यांचा हिस्सा कमीच गोठला. मग बागांच्या जागी बंगले उभे राहिले. १९९० मध्ये साडेसात हजार वस्तीचं ब्रेंटवूड २०१० पर्यंत ५१ हजारांवर गेलं. घरं शहराची झाली, बंबाचा हिस्सा खेड्याचाच राहिला.

२००२ मध्ये छोट्या दलांना एकत्र करून ईस्ट कॉन्ट्रा कोस्टा फायर प्रोटेक्शन डिस्ट्रिक्ट उभारलं गेलं. एकेकाळी आठ केंद्रं होती, ती घटत तीनवर आली. विशेष करासाठी तिथं दोन-तृतीयांश मतं लागतात. जून २०१२ मध्ये दर मालमत्तेमागे वर्षाला १९७ डॉलरचा कर मागितला गेला. निम्मी मतंसुद्धा मिळाली नाहीत. त्यानंतरचे प्रस्तावही पडले. लोक निष्ठुर होते असं म्हणणं सोपं आहे. पण महागड्या घराची घरपट्टी भरणाऱ्याला आपल्या पैशातला फारच थोडा वाटा बंबाकडे जातो, हे बिल पाहून कळत नाही. कर तर भरतोच आहे, मग आणखी कशाला, हा त्याचा सवाल चुकीचा म्हणता येत नाही.

अखेर १ जुलै २०२२ रोजी हे डिस्ट्रिक्ट काउंटीच्या मोठ्या अग्निशमन दलात विलीन झालं. त्याआधी, नोव्हेंबर २०२० मध्ये, काउंटीच्या मतदारांनी वीस वर्षांसाठी अर्ध्या टक्क्याचा विक्रीकर मंजूर केला होता. त्यातली काही रक्कम पूर्वेकडच्या अग्निशमन केंद्रांसाठी राखली गेली. म्हणजे काउंटीतल्याच वॉलनट क्रीक शहरातल्या दुकानात कुणी बूट घेतले, की त्यावरचा थोडा कर ब्रेंटवूडच्या बंबाकडे जातो.