भिशीतून उभी राहिलेली घरे

२२ जून १९४८ रोजी ‘एम्पायर विंडरश’ या जहाजातून जमैका आणि वेस्ट इंडीजच्या इतर बेटांवरचे शेकडो लोक इंग्लंडच्या टिलबरी बंदरात उतरले. महायुद्धानंतर तिथे कामगारांचा तुटवडा होता. हे लोक आणि त्यांच्यामागून आलेले बांधव बस, रेल्वे, टपालखाते, इस्पितळे येथे राबू लागले. काम मिळाले, पण खोली मिळेना. ‘काळ्यांना जागा नाही’ अशा पाट्या दारावर असत. जात विचारून खोली नाकारणारा घरमालक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आम्ही अधिक काय सांगावे? बँकाही कर्ज द्यायला तयार नसत.

तेव्हा त्यांनी गावाकडची ‘पार्डनर’ सुरू केली. पार्डनर म्हणजे आपल्या माताभगिनींची भिशीच! दर आठवड्याला प्रत्येकाने ठरलेली रक्कम टाकायची आणि पाळीप्रमाणे सगळी रक्कम एकाने उचलायची. पैसे सांभाळणारीला ‘बँकर’ म्हणत. कागद नाही, जामीन नाही, व्याज नाही. हिशेबाच्या वह्यांत दिवस काढणाऱ्या आम्हाला या व्यवहाराचे फार कौतुक वाटते. याच पैशातून कित्येकांनी घराची पहिली रक्कम भरली आणि नव्याने आलेल्यांना खोल्या दिल्या.

ब्रिस्टल शहरात मात्र बस कंपनी काळ्यांना कंडक्टर म्हणून घेईना. तिथली कामगार संघटनाही कंपनीच्याच बाजूची! १९६३ साली लोकांनी बसवर बहिष्कार टाकला. चार महिन्यांनी, २८ ऑगस्टला, कंपनी नमली. सप्टेंबरात तिथे पहिला बिगरगोरा कंडक्टर लागला, तो रघबीर सिंग नावाचा शीख.