पाहुणीला कोणते गाणे ऐकवाल?

मुलांनो, अशी कल्पना करा की परदेशात राहणारी तुमची मावसबहीण सुट्टीत घरी आली आहे आणि सोबत तिची तिकडची एक मैत्रीणही आहे. जेवणे झाली, गप्पा रंगल्या आणि पाहुणी म्हणाली, "तुमच्या देशातलं रॉक आणि पॉप ऐकव ना!" आता काय ऐकवाल?

पुष्कळ मुले इथेच अडतात. कुणी पटकन सिनेमातले गाणे लावतो. कुणी पाहुणीच्याच देशातले गाणे लावून "हे मला तोंडपाठ आहे" असे ऐटीत सांगतो. मनात भीती एकच, आपले गाणे ऐकून ती हसेल! पण अरे, तिकडची गाणी ती घरी रोजच ऐकते. तिला हवे आहे ते इथले.

सिनेमाची गाणी छानच असतात. पण ती बहुधा गोष्टीतल्या प्रसंगासाठी बनतात. बँड मात्र आपले म्हणणे आपल्याच गाण्यातून मांडतो. असे गाणारे आपल्याकडेही आहेत बरं का! त्यांतल्या काहींची ओळख करून घेऊ.

कोलकात्यात १९७५ मध्ये 'मोहीनेर घोडागुली' नावाचा बँड सुरू झाला. नावाचा अर्थ 'मोहीनचे घोडे'. हे नाव त्यांनी कवी जीवनानंद दास यांच्या कवितेतून घेतले. वाद्यांत गिटार होती, पण सुरांत बंगालच्या बाउल गायकांची छाया होती. त्या वेळी ते फार थोड्यांना रुचले. पुढच्या पिढीने मात्र त्यांची गाणी डोक्यावर घेतली.

आता आपल्या शेजारी, गोव्यात या. शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये 'गोवन क्रेझी' ही कॅसेट घरीच रेकॉर्ड केली आणि स्कूटरवरून स्वतः दुकानोदुकानी पोहोचवली! १९८६ मध्ये 'पॅक दॅट स्मॅक' आली. तिच्यातले त्याच नावाचे गाणे अमली पदार्थांविरुद्ध होते. भाषा इंग्रजी, पण काळजी आपल्याच तरुणांची.

दिल्लीचा 'इंडियन ओशन' हा बँड १९९० चा. त्यांच्या 'कंदिसा' (२०००) या अल्बममध्ये 'मा रेवा' हे गाणे आहे. रेवा म्हणजे नर्मदा, आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी! बँडमधले राहुल राम यांनी नर्मदा बचाव आंदोलनात काम केले होते. नदीकाठचे लोकगीत गिटार आणि तबल्यासोबत कसे खुलते, ते यात ऐका. याच अल्बमचे शीर्षकगीत म्हणजे केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांची प्राचीन प्रार्थना आहे.

गंमत हवी असेल तर शंकर महादेवन यांचे 'ब्रेथलेस' (१९९८) लावा. सगळे गाणे एका दमात म्हटल्यासारखे वाटते. पाहुणीबरोबर तुम्हीही म्हणून पाहा, कोणाला आधी धाप लागते ते कळेल!

आणि मराठी? अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत यांचे 'ऐका दाजिबा' (२००२) आहेच की! आई-बाबांचे पायही आपोआप ठेका धरतील. पण पाहुणी विचारील, "दाजिबा म्हणजे कोण?" बहिणीचा नवरा, एवढे सांगून भागेल का? 'दाजी'मधला मान आणि पुढच्या 'बा'मधली जवळीक इंग्रजीत कशी सांगाल? करा बरं प्रयत्न! मग लक्षात येईल, दुसऱ्याला समजावताना आपणच आपल्या भाषेकडे नव्याने बघतो.

आता दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एका दमात वीस गाणी लावू नका, तीनच निवडा. आधी तिला काय आवडते ते विचारा. नाचायला आवडत असेल तर 'दाजिबा', शांतपणे ऐकायला आवडत असेल तर 'मा रेवा'. प्रत्येक गाणे कुठले, कोणत्या भाषेतले आणि कशाबद्दल आहे, हे चार वाक्यांत सांगा. "आमचा हा बँड अगदी तुमच्या त्या बँडसारखा" असे मात्र म्हणू नका. नक्कल कोण कशाला ऐकेल? एखादे गाणे तिला नाहीच आवडले, तर हिरमुसू नका. आवड ज्याची त्याची!

पालकांनाही एक विनंती. परदेशातली भाची किंवा पुतण्या घरी आला की मुले दोन दिवस एकमेकांकडे नुसती बघत बसतात, बोलायचे काय हेच सुचत नाही. अशा वेळी "इंग्रजीत बोल ना त्याच्याशी" म्हणून मुलांना टोचण्यापेक्षा एक गाणे लावून द्या. तुमच्या तरुणपणीची कॅसेट माळ्यावर असेल, तर तीही खाली काढा.

मग मुलांनो, लागा तयारीला! या रविवारी घरच्यांसोबत बसून आपली तीन गाणी निवडा आणि त्यांचा अर्थ वहीत लिहून ठेवा. पाहुणी येईल तेव्हा येईल, तोवर तुमची तरी त्या गाण्यांशी गट्टी जमेल.