हे पत्र कुठल्या आंबेगावचं?

लिफाफ्यावर नुसतं ‘मु. पो. आंबेगाव, जि. पुणे’ लिहून मोकळ्या होणाऱ्या भगिनी पुष्कळ. पण हे आंबेगाव कोणतं? एक आहे पुण्यात, कात्रजजवळ. दुसरं तालुक्याचं नाव, पण त्याची कचेरी घोडेगावला. आणि ज्या मूळ गावावरून तालुक्याला नाव पडलं, ते तर डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं! पोस्टमनने बिचाऱ्याने करावं तरी काय?

या घोळावर उपाय शोधला तो एका मराठी माणसाने. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे व्यासंगी श्रीराम भिकाजी वेलणकर यांचा सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. पहिले तीन आकडे टपाल कुठल्या भागात वाटायचं ते सांगतात, शेवटचे तीन पोस्ट कोणतं ते. जुन्नर ४१०५०२, नारायणगाव ४१०५०४, मंचर ४१०५०३. घोडेगाव मात्र ४१२४०८! मंचर आणि घोडेगाव एकाच तालुक्यात, तरी सुरुवात वेगळी. म्हणून शेजारच्या गावाचा नंबर अंदाजाने टाकू नये, बरं का.

टपालाचा आजचा पाया १८५४ सालचा. त्याआधी जितकं अंतर लांब तितका दर जास्त. त्या वर्षी पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते कुठेही जावो, असा नियम झाला. लांब दिलेल्या लेकीच्या दृष्टीने ही केवढी सोय! १८७९ मध्ये पाव आण्याचं कार्ड आलं, आणि १८८० मध्ये मनीऑर्डर.

जुन्नर-आंबेगावच्या संसारांत या मनीऑर्डरीचं मोल फार. मुंबईचे कितीतरी डबेवाले याच भागातले. शिवाय गिरण्यांत, गोदीत, बाजारात राबणारे वेगळेच. घरधनी तिकडे, बायको-मुलं आणि शेती इकडे. दोन्ही तालुक्यांत आजही रेल्वे नाही, तेव्हा टपाल सडकेनेच यायचं, आणि शेवटची वाट डाकवाल्याच्या पायांची. फॉर्मच्या तळाशी चार ओळींची जागा असे. त्यात पेरणीची चौकशी, पोराच्या तापाची काळजी, दिवाळीला येतो की नाही, सगळं मावायचं. लिहिता न येणारा दुसऱ्याकडून लिहून घेई आणि इकडे ती पोस्टमनकडूनच वाचून घेई. म्हणजे नवराबायकोचं बोलणं दोन परक्यांच्या तोंडून!

पण खरी गोम होती नावात. फॉर्मवर ज्याचं नाव, पैसे त्याच्या हातात. सासऱ्यांचं नाव असलं तर सुनेला मिठामिरचीलाही हात पसरावा लागे. तिचं असलं तर साक्षीदारासमोर अंगठा उमटवून नोटा ती स्वतः मोजून घेई. कागदावरच्या एका नावाने घरातली तिची जागा बदलत असे, असं मला वाटतं.

आज पैसे मोबाइलवरून येतात. प्रश्न मात्र तोच: कोणाच्या नावावर? टपालाची बचत बँक १८८२ पासून आहे आणि विवाहित स्त्रीला तिथे स्वतःच्या एकटीच्या नावाने खातं उघडता येतं. पाचशे रुपयांत बचत खातं, महिना शंभरापासून पाच वर्षांचं आवर्ती खातं. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी. लहान गावात शाखा डाकघर दिवसातून चार-पाच तासच उघडं असतं, पुष्कळदा कुणाच्या घराच्या ओसरीवर; तेव्हा वेळ विचारूनच जावं. पैसे भरल्यावर पासबुकावर नोंद आणि शिक्का तिथेच बघून घ्यावा. नंतर बघू म्हणून पासबुक ठेवून येऊ नये. वारसाचं नाव लावलंय का, हेही विचारावं; जुन्या खात्यांत ती जागा कोरीच राहिलेली असते.

आणि राखी रजिस्टरने पाठवायची सवय असेल, तर १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्येच मिसळलं आहे. खिडकीवर स्पीड पोस्ट मागा, पावती जपून ठेवा, आणि भाऊ घोडेगावचा असेल तर ४१२४०८ लिहा.