अंडे पूर्ण सोलले जावे म्हणून

आपण पाठवलेल्या आहारनिधीतून वसतिगृहातल्या मुलींना आठवड्यातून तीन दिवस उकडलेले अंडे मिळते. अंडे विकत घेणे आणि ते मुलीच्या पोटात जाणे, या दोहोंमध्ये सोलण्याची एक पायरी असते. तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. नीट न उकडलेले अंडे सोलताना कवचाबरोबर पांढऱ्याचे लचके निघतात. मध्यम आकाराच्या एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने असतात आणि त्यांतली निम्म्याहून अधिक पांढऱ्यात असतात. पांढऱ्याचा चौथा हिस्सा टोपलीत गेला तर जवळजवळ 1 ग्रॅम प्रथिने गेली. घरी एकदोन अंड्यांत हे जाणवत नाही. एका वेळी साठ अंडी उकडणाऱ्या स्वयंपाकघरात मात्र त्याचा हिशेब ठेवावा लागतो.

अंगणवाडी सेविका आणि गावातल्या आयाही मला याविषयी विचारतात. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून लहान मुलांना अंडी किंवा केळी दिली जातात, म्हणून उकडण्याचे काम आता पाड्यापाड्यात आहे. आमच्या मावशींना जे शिकवले तेच येथे लिहिते.

पहिला प्रश्न ताजेपणाचा. आपल्याला वाटते, अंडे जितके ताजे तितके चांगले. खायला चांगलेच, सोलायला मात्र ते सर्वांत वाईट. कोंबडीने नुकत्याच घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड वायू विरघळलेला असतो, त्यामुळे ते कमी अल्कधर्मी असते. अशा अवस्थेत पांढरे कवचाच्या आतल्या पातळ पापुद्र्याला घट्ट चिकटते. कवचाला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रे असतात. त्यांतून तो वायू हळूहळू बाहेर जातो, पांढरे अधिक अल्कधर्मी होते आणि पापुद्र्याची पकड सैल पडते. परतवाड्याहून ट्रेमध्ये येणारी अंडी काही दिवसांची असतात, ती बऱ्यापैकी सुटतात. गावातल्या बायका आणून देतात ती गावरान अंडी मात्र कालपरवाची असतात. म्हणून ती घेणे बंद करायचे का? मुळीच नाही. तो पैसा त्यांच्याच घरात जातो. आम्ही अशा अंड्यांवर पेन्सिलीने तारीख लिहितो. दोन दिवसांच्या आतली अंडी रश्शाला किंवा भुर्जीला, त्यापुढची उकडायला. थंडीत आठवडाभर थांबता येते. मेळघाटच्या उन्हाळ्यात फ्रीज नसेल तर चार दिवसांपुढे ठेवू नयेत. उष्णतेने तो वायू लवकर निघून जातो, तेवढेच दिवस पुरतात. ठेवण्यापूर्वी अंडी धुऊ नयेत. कवचावर एक नैसर्गिक लेप असतो, तो धुतल्याने जातो आणि जंतूंना वाट मिळते. घाण लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसावी आणि उकडण्याच्या अगदी आधी धुवावे.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक घरांत अंडी गार पाण्यात घालून पातेले चुलीवर चढवतात. तडकण्याची भीती असते म्हणून. पण पाणी हळूहळू तापले की पांढरेही हळूहळू घट्ट होते आणि तेवढ्या वेळात पापुद्र्याशी एकजीव होते. उलट अंडे एकदम उकळत्या पाण्यात गेले, तर बाहेरचा थर लगेच आवळून येतो आणि पापुद्र्यापासून सुटतो. ताज्या अंड्यालाही याचा गुण येतो. तेव्हा आधी पाणी खळखळून उकळू द्यावे, मग अंडी झाऱ्यावर ठेवून अलगद आत सोडावीत. वरून टाकली तर ती बुडाशी आपटून फुटतातच. पाणी अंड्यांच्या वर दोन बोटे असावे. खूप अंडी एकदम घातली की उकळी बसते, म्हणून वीस-वीसचे घाणे करावेत. नंतर जाळ थोडा ओढून घ्यावा. फार खळखळाटात अंडी एकमेकांवर आदळतात. पाण्यात मूठभर मीठ घातल्याने कवच सुटते असे पुष्कळजणी सांगतात. माझ्या पाहण्यात त्याने काही फरक पडत नाही. एखादे अंडे तडकले तर बाहेर येणारे पांढरे मिठाने लवकर गोठते, इतकाच फायदा.

वेळ उकळी परत आल्यापासून मोजावी. सपाटीवर 12 मिनिटे पुरतात. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंच आहे. तेथे पाणी 100 नव्हे, तर 96 अंशांच्या आसपास उकळते, म्हणून एकदोन मिनिटे जास्त द्यावीत. लहान गावरान अंड्याला थोडी कमी चालतील. मुलांसाठी बलक पूर्ण घट्टच हवा. अर्धवट शिजलेल्या अंड्यातून साल्मोनेला जंतू पोटात जाऊ शकतात आणि अशक्त मुलाला एक जुलाबही महागात पडतो. फार वेळ उकडले तर बलकाभोवती हिरवट कडे येते. पांढऱ्यातले गंधक आणि बलकातले लोह यांच्या संयोगाने ते होते. खायला अपाय नाही, पण मुली ते बाजूला काढून ठेवतात.

एप्रिल-मे महिन्यांत विहिरी खाली जातात तेव्हा आम्ही उकडत नाही, वाफवतो. मोदकपात्रात किंवा पातेल्यावर चाळणी ठेवून खाली दोन बोटे पाणी, ते उकळले की अंडी चाळणीत, वर झाकण, 13-14 मिनिटे. वाफेची आच एकदम लागते, म्हणून कवच तितकेच छान सुटते. पाणी थोडे लागते आणि सरपणही वाचते. मला तर हीच रीत अधिक पसंत आहे. बारा महिने हीच ठेवावी असे मी सुचवले, पण मावशींना पातेले सोयीचे वाटते. स्वयंपाकघर त्यांचे आहे.

शिजलेली अंडी लगेच माठातल्या गार पाण्यात घालावीत आणि पाणी कोमट झाले की एकदा बदलावे. गार होताना आतला भाग किंचित आक्रसतो. सोलताना अंड्याचे रुंद टोक आधी आपटावे, कारण हवेची पोकळी तेथे असते आणि पापुद्र्याखाली अंगठा सहज शिरतो. मग ताटावर हलक्या तळहाताने फिरवून सगळीकडे तडे पाडावेत आणि पाण्याच्या भांड्यातच सोलावे. पाणी पापुद्र्याखाली जाते, कवच टोपीसारखे उतरते. कपचेही पाण्यातच राहतात. मोठ्या मुली आपापली अंडी स्वतः सोलतात, आणि कोणाचे गुळगुळीत निघाले यावर रोज वाद होतो!

सोललेले अंडे दोन तासांत खाल्ले जावे. सकाळी सोलून दुपारी वाढणे टाळावे. कवचासकट ठेवलेले बरे. सात-आठ महिन्यांच्या बाळाला अख्खे अंडे किंवा मोठा तुकडा हातात देऊ नये, घशात अडकतो. बारीक कुस्करून, पेजेत किंवा वरणात मऊ करून भरवावे. पहिल्या वेळी चमचाभरच द्यावे. अंगावर पित्त उठले किंवा उलटी झाली तर पुन्हा न देता आरोग्य केंद्रात दाखवावे.

उरली कवचे. ती आम्ही उन्हात कडकडीत वाळवून खलबत्त्यात कुटतो आणि अंडी आणणाऱ्या बायकांना परत देतो. कवच म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. कोंबडीला पुढच्या अंड्याचे कवच घडवायला तेच लागते. दाण्यात चिमूट-चिमूट मिसळावे. मात्र कूट बारीक हवा. मोठे तुकडे टाकले तर कोंबडीला अंड्याच्या कवचाची ओळख पटते आणि ती स्वतःचीच अंडी फोडू लागते.